प्रयोगशाळेतील माणूस

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ल आणि आम्लारी यांचे मिश्रण करताना त्या पदार्थांची परवानगी घ्यावी लागत नाही. प्रयोग संपल्यावर परीक्षानळी धुऊन ठेवली की काम झाले. मानसशास्त्राची गोष्ट निराळी आहे. या शास्त्राला ज्याचा अभ्यास करायचा असतो तो स्वतःच विचार करणारा, घाबरणारा, लाजणारा आणि घरी परतल्यावर झालेला प्रसंग आठवत बसणारा माणूस असतो. त्याच्याकडून ज्ञान मिळवताना त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न या शास्त्राच्या आरंभापासूनच होता. परंतु तो ऐरणीवर आला तो अमेरिकेतील एका प्रयोगामुळे.

स्टॅन्ली मिलग्रॅम हे येल विद्यापीठातील तरुण मानसशास्त्रज्ञ. ते ज्यू कुटुंबात, न्यूयॉर्कमध्ये १९३३ साली जन्मले. जर्मनीच्या नाझी राजवटीत लाखो ज्यूंची हत्या झाली, ती करणाऱ्यांपैकी अनेकांनी ‘आम्ही केवळ आज्ञा पाळली’ असा बचाव केला होता. १९६१ साली जेरुसलेम येथे आइखमन या नाझी अधिकाऱ्यावर खटला चालू होता. सामान्य, सज्जन माणूस वरिष्ठांच्या आज्ञेवरून दुसऱ्याला किती यातना देऊ शकेल, हे मिलग्रॅम यांना जाणून घ्यायचे होते. प्रश्न निश्चितच महत्त्वाचा होता. त्याच वर्षी त्यांनी प्रयोगाला प्रारंभ केला.

‘स्मरणशक्ती आणि अध्ययन’ यांवरील संशोधनासाठी माणसे हवी आहेत, अशी जाहिरात न्यू हेवन या गावातील वृत्तपत्रात देण्यात आली. एका तासासाठी चार डॉलर आणि वर प्रवासखर्चाचे पन्नास सेंट मिळणार होते. टपाल कर्मचारी, शिक्षक, विक्रेते, अभियंते, मजूर असे नाना व्यवसायांतले लोक आले. आलेल्या माणसाची तेथे दुसऱ्या एका गृहस्थाशी गाठ घालून दिली जाई. ‘शिक्षक’ कोण आणि ‘विद्यार्थी’ कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरवत. पण दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’ असेच लिहिलेले असे! तो दुसरा गृहस्थ संशोधकांचाच माणूस होता. त्याला शेजारच्या खोलीत खुर्चीला बांधत आणि पहिल्या माणसाला एका यंत्रासमोर बसवत. यंत्रावर तीस कळी होत्या. पहिली पंधरा व्होल्टची, शेवटची चारशे पन्नास व्होल्टची. विद्यार्थी चुकला की विजेचा धक्का द्यायचा आणि प्रत्येक चुकीनंतर एकेक कळ पुढे जायचे, असा नियम होता. यंत्र खरे वाटावे म्हणून शिक्षकाला स्वतःला आधी पंचेचाळीस व्होल्टचा धक्का देऊन दाखवत. वस्तुतः विद्यार्थ्याला एकही धक्का बसत नव्हता.

तीनशे व्होल्टला विद्यार्थी भिंतीवर हात आपटू लागे. पुढे त्याच्याकडून उत्तर येणेच थांबे. शिक्षक बिचकला, थांबू का म्हणाला, की करड्या रंगाचा अंगरखा घातलेला प्रयोगकर्ता शांतपणे त्याला पुढे चालू ठेवण्यास सांगे. अशी चार ठरावीक वाक्ये होती आणि त्यांतले शेवटचे वाक्य तर ‘तुम्हांला दुसरा पर्यायच नाही’ अशा अर्थाचे होते. येथे एक बारीकशी गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे काहीही झाले तरी पैसे तुमचेच आहेत, असे प्रत्येकाला आरंभीच सांगितले होते. म्हणजे पैशाचे बंधन नव्हते. बंधन होते ते त्या शांत आवाजाचे.

पहिल्या मालिकेत चाळीस पुरुष होते. त्यांपैकी सव्वीस जणांनी शेवटची कळही दाबली. १९६३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा सर्वत्र खळबळ माजली. मात्र त्याच निबंधात आणखी काही नोंदी होत्या. माणसे घामाघूम झाली, थरथरू लागली, त्यांची बोबडी वळली. चौदा जणांना अनावर, विचित्र हसू फुटू लागले. तिघांना तर झटके आले. निबंधात हे सारे निरीक्षण म्हणून, कोरडेपणाने लिहिले आहे. ती माणसे यंत्रासमोर अशी तळमळत असताना प्रयोग चालूच होता.

१९६४ साली डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ महिलेने या प्रयोगावर जाहीर टीका केली. प्रयोगशाळा ही माणसाला अपरिचित असते आणि तेथील तज्ज्ञावर तो विश्वास टाकून आलेला असतो. त्या विश्वासाचाच येथे उपयोग करून घेतला, असे त्यांचे म्हणणे होते. मिलग्रॅम यांनी उत्तर दिले की, सहभागी झालेल्यांना नंतर प्रश्नावली पाठवली असता चौऱ्याऐंशी टक्के लोकांनी सहभागाबद्दल समाधान व्यक्त केले. खेद वाटणारे दीड टक्क्याहूनही कमी होते. शिवाय चौदा जणांनी अवज्ञा केलीच की! हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु मागाहून मिळालेले समाधान ही आधी घेतलेली संमती नव्हे. न विचारता एखाद्याच्या शेतातून वाट काढावी आणि नंतर ‘त्याची काही तक्रार नव्हती’ असे सांगावे, तसाच हा प्रकार आहे. पुढे गिना पेरी या ऑस्ट्रेलियन लेखिकेने येल विद्यापीठात जतन केलेल्या ध्वनिफिती आणि कागदपत्रे तपासली. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातून असे दिसते की, अनेकांना त्या दिवशी पूर्ण सत्य सांगितलेच नव्हते. आपण एका माणसाला खरोखरच इजा केली, या समजुतीत कित्येक जण महिनोन्‌महिने वावरत होते.

वैद्यकीय संशोधनात माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे, हे तत्त्व न्यूरेंबर्ग येथील न्यायालयाने १९४७ सालीच मांडले होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने मानवी सहभागाच्या संशोधनासाठी सविस्तर तत्त्वे प्रसिद्ध केली ती १९७३ साली. १९७९ च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीविषयी आदर, हित आणि न्याय ही तीन सूत्रे सांगितली. भाषेतही हा बदल उमटला आहे. मराठीतील मानसशास्त्राच्या पुस्तकांत ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला ‘प्रयुक्त’ म्हणत, म्हणजे योजलेला, वापरलेला. आता ‘सहभागी’ हा शब्द रूढ होत आहे. वापरलेल्याला कोणी विचारत नाही. सहभागी व्हायचे तर आधी होकार द्यावा लागतो.

तथापि मानसशास्त्रापुढे एक खरी अडचण आहे. आम्ही तुमच्या आज्ञाधारकपणाचे निरीक्षण करणार आहोत, असे आधीच सांगितले तर कोण स्वाभाविक वागेल? म्हणून काही प्रयोगांत थोडी लपवाछपवी मान्य केली जाते, पण ती अपवाद म्हणून. धोका किरकोळ असावा, दुसरा मार्ग नसावा आणि प्रयोग संपताच सहभागी व्यक्तीला सारे उलगडून सांगावे, अशा अटी असतात. जेरी बर्गर या अमेरिकन संशोधकाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिलग्रॅम यांचीच रचना घेतली, मात्र दीडशे व्होल्टच्या टप्प्यावर प्रयोग थांबवला. मनाने हळव्या असणाऱ्यांना आधीच वगळले, केव्हाही उठून जाता येईल हे तीन वेळा सांगितले आणि संपताच क्षणार्धात खरे काय ते सांगून टाकले. तरीही चाळिसांपैकी अठ्ठावीस जण त्या टप्प्याच्या पुढे जाण्यास तयार होते. माणसाला घामाघूम केल्याशिवाय हे ज्ञान मिळालेच नसते, हा बचाव त्यामुळे पुष्कळच लंगडा ठरतो. चारशे पन्नास व्होल्टपर्यंत त्यांतले किती गेले असते हे मात्र त्या प्रयोगातून कळत नाही, आणि हे अज्ञान पत्करण्याजोगे आहे.

आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मानवी सहभागाच्या संशोधनासाठी २००० साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २००६ व २०१७ साली ती सुधारली. आरोग्याशी संबंधित सामाजिक व वर्तनविषयक संशोधनाचाही त्यांत विचार आहे. संशोधनाची योजना आधी नैतिकता समितीपुढे मांडावी लागते आणि समितीत वैज्ञानिकांबरोबर सामान्य नागरिकही असतो. माहितीपत्रक सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. प्रवासखर्च किंवा बुडालेली मजुरी भरून देता येते. पण मन वळवले जाईल इतकी मोठी रक्कम देता येत नाही. सात वर्षांवरील बालकाच्या बाबतीत पालकांच्या संमतीबरोबर त्या बालकाचाही होकार घेतात. व्यक्तीला लिहिता-वाचता येत नसेल, तर सारा मजकूर तिला समजावून सांगताना संशोधनाशी संबंध नसलेला एक साक्षर साक्षीदार हजर असावा लागतो; ती अंगठा उठवते आणि साक्षीदार सही करतो. कागदाची एक प्रत तिच्याजवळ राहते. नंतर कोणत्याही दिवशी तिला संशोधनातून बाहेर पडता येते, आणि त्यासाठी कारण सांगण्याचे बंधन तिच्यावर नसते.