ओव्हनशिवायचा आयरिश पाव

मैत्रिणींनो, घरी पाव करायचा म्हणजे यीस्ट हवं, पीठ तासन्‌तास फुगत ठेवायला हवं आणि ओव्हन तर हवाच, असा आपला पक्का समज. बचतगटाच्या बैठकीत पावाचा विषय निघाला की ‘ताई, ओव्हन कुठून आणायचा?’ हा प्रश्न ठरलेला! तेव्हा मी आयर्लंडच्या सोडा ब्रेडची गोष्ट सांगते. कारण हा पाव वाढला तोच मुळी ओव्हन नसलेल्या, गरीब घरांत.

आयर्लंड म्हणजे भरपूर पावसाचा, हिरव्या कुरणांचा, गाईगुरांचा देश. तिथला गहू मऊ. त्याच्या पिठाला चिकटपणा कमी, म्हणून यीस्टचा पाव त्यात नीट फुगत नाही. 1830 च्या दशकात तिथे खायचा सोडा मिळू लागला आणि घरच्या बाईला वाट सापडली. लोणी काढून झालं की ताक उरायचंच. पीठ, मीठ, सोडा आणि ते आंबट ताक, बस्स! ताकाच्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडली की वायूचे बुडबुडे होतात आणि पीठ फुगतं. आपल्या ढोकळ्याचं गणित तेच, नाही का?

भाजायला होतं बिडाचं, झाकणाचं एक जाड भांडं. त्याला म्हणतात बॅस्टिबल. ते विस्तवावर ठेवायचं किंवा टांगायचं आणि झाकणावर निखारे पसरायचे. खाली-वर विस्तव ही युक्ती आपल्या आज्यांनाही ठाऊक होतीच की! उत्तर आयर्लंडमध्ये तर पीठ गोल थापून, त्याचे चार तुकडे करून थेट तव्यावर भाजतात. त्या तुकड्यांना ‘फार्ल’ म्हणतात. आपल्यासाठी हाच प्रकार सोयीचा.

साहित्य : मैदा 150 ग्रॅम, कणीक 100 ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, खायचा सोडा सपाट अर्धा चमचा (चमचा चहाचा), दाट आंबट ताक साधारण 200 मिली.

कृती : मैदा, कणीक, मीठ, सोडा एकत्र चाळून घ्या. मध्ये आळं करून ताक ओता आणि हलक्या हाताने गोळा करा. कणकेप्रमाणे तिंबायचं मात्र नाही! आपला हात मळायला सरावलेला, तो इथे आवरायचा. मळलं की पाव चिवट होतो. ताक घातल्यावर वेळही दवडू नका, बुडबुडे निघून जातात. पिठी लावून अर्धा इंच जाड थापा, चार तुकडे करा आणि जाड तव्यावर मंद आचेवर प्रत्येक बाजूने सात-आठ मिनिटं भाजा. कडाही उभ्या धरून भाजून घ्या. मग स्वच्छ फडक्यात गुंडाळा, म्हणजे मऊ राहतील. सोडा जास्त झाला तर पाव पिवळट होतो, साबणासारखा लागतो. तेव्हा ‘अंदाजाने’ नको.

ओव्हन असेल तर जाड गोळाच ठेवा. वर फुलीसारखी खोल चीर द्या, 200 अंशांवर 35 ते 40 मिनिटं भाजा. बुडावर टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झाला! ती फुली कुणी देवाच्या आशीर्वादासाठी म्हणतं, तर कुणी घरातल्या पऱ्या बाहेर जाव्यात म्हणून. खरा उपयोग असा, की आच मधोमध पोचते.

हा पाव ताजाच खावा, दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. त्यामुळे दुकानात ठेवायला तो फारसा कामाचा नाही. पण हात बसवायला याच्याइतका स्वस्त पाव नाही. बिघडला तर जाणार काय, वाटी-दोन वाट्या पीठ! आणि एकदा जमला, की ‘ओव्हन कुठून आणायचा’ यावाचून कुणाचं अडणार नाही. आंबट झालेलं ताक ओतून टाकण्याआधी एकदा करून तर बघा.