भंगारात टाकण्याआधी

कपाटाच्या वरच्या खणात कातडी केसमधला आजोबांचा कॅमेरा अनेक घरांत पडून असतो. बटण दाबले तरी दिवा लागत नाही, म्हणून एक दिवस तो भंगारात जातो. खरे तर बिघडलेले असते ते पुष्कळदा एखाद्या तारेएवढेच!

जपानी 'याशिका इलेक्ट्रो ३५' घ्या. १९६६ साली आलेल्या या कॅमेऱ्यात शटर किती वेळ उघडे राहावे, हे विजेचे सर्किट ठरवते. त्याचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. पण अडॉप्टर घालून ६ व्होल्टचा अल्कलाइन सेल चालतो. आत विसरलेला सेल पाझरला की पत्र्यावर हिरवट गंज चढतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने तो निघतो. तरीही वीज पोहोचत नसेल, तर गंज तारेत शिरलेला असतो. तेवढी तार काढून नवी डाखावी लागते.

दुसरे दुखणे आतल्या इवल्याशा रबरी तुकड्याचे. तो झिजला की फिल्म पुढे सरकवताना होणारा 'टक्' आवाज बंद होतो आणि शटरची वेळ चुकते. हे काम मात्र कसबी हाताचे.

घरातली लग्ने-बारशी ज्याने टिपली, त्याला निरोप देण्याआधी एक नवा सेल तरी घालून पाहावा!