थंडीत घरातलं लेट्यूस किडकिडीत का होतं?

जर्मनीत शिकायला गेलेल्या अनेकांना हे दृश्य ओळखीचं असेल. डिसेंबरात खिडकीतल्या ट्रेमध्ये लेट्यूस उगवतं, पण रोपं लांबट, फिकट होतात आणि शेवटी आडवी पडतात. का, असं विचारलं की उत्तर तयार असतं: "थंडी आहे ना!" पण खोलीत हीटर चालू आहे, तापमान २० अंशांच्या वर आहे. मग थंडी आली कुठून?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा प्रश्न जरूर सोडवून बघावा. कारण हिवाळा हा एक घटक नाही. तो तापमान आणि प्रकाश दोन्ही एकदमच कमी करतो. दोन कारणं कायम जोडीने येत असतील, तर नुसत्या निरीक्षणावरून खरं कारण कोणतं हे ठरवता येत नाही. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात.

आधी प्रकाश बघू. २१ डिसेंबरला पुण्यात दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. बर्लिनमध्ये दिवस साडेसात तासांहून थोडाच मोठा आणि सूर्य जेमतेम १४ अंशांवर. वर ढग आहेतच.

आता मोजायचं कशाने? बरेच जण मोबाइलवर लक्स बघतात. पण लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठीचं एकक आहे. प्रकाशसंश्लेषणाला लागतात फोटॉन, आणि ते मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असे मोजतात. नैसर्गिक प्रकाशात ५४ लक्स म्हणजे अंदाजे १ मायक्रोमोल. म्हणजे ५०० लक्सची, वाचायला अगदी छान उजेड असलेली जागा रोपाला फक्त ९ मायक्रोमोल देते. आठ तासांचा हिशोब केला तर दिवसाला पाव मोलच्या आसपास. ग्रीनहाऊसमध्ये लेट्यूससाठी साधारण १२ ते १७ मोल प्रतिदिन धरतात! २०० मायक्रोमोलचा एलईडी दिवा १६ तास लावला, तर ११.५ मोल मिळतात. डोळ्यांना "भरपूर" वाटलेला उजेड रोपासाठी उपासमार असू शकतो, तो असा.

मग तापमानाचा संबंधच नाही का? आहे, पण उलट्या बाजूने. ऊब वाढली की श्वसन वाढतं. प्रकाश कमी असताना रोप कमावतं थोडं आणि खर्च करतं जास्त. म्हणजे हीटरने मदत होण्याऐवजी नुकसानच होण्याची शक्यता जास्त. एका घटकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असतो, त्याला इंटरॅक्शन म्हणतात.

हे तपासायचं तर दोन्ही घटक वेगळे करावे लागतात: कमी प्रकाश–थंड, कमी प्रकाश–उबदार, जास्त प्रकाश–थंड, जास्त प्रकाश–उबदार. जात, माती, पाणी सगळीकडे सारखंच. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एका ट्रेमध्ये १२ रोपं असली तरी तुमचा नमुना १२ होत नाही. दिवा ट्रेला लावलाय, तेव्हा नमुना एकच! प्रत्येक जोडीचे अनेक ट्रे हवेत, आणि शक्यतो वेगवेगळ्या दिव्यांखाली.

आता एक प्रसिद्ध उदाहरण. अंटार्क्टिकातल्या जर्मन नॉयमायर–३ केंद्राजवळ २०१८ मध्ये एडन आयएसएस या बंदिस्त हरितगृहात मातीशिवाय, एलईडीच्या प्रकाशात भाजी पिकवली गेली. लागवडीची जागा साधारण साडेबारा चौरस मीटर, आणि त्या हंगामात एकूण २६८ किलोच्या आसपास भाजी निघाली. त्यात लेट्यूस, काकडी, टोमॅटो होते. तिथे सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही.

यातून आपला प्रश्न सुटला का? नाही. तिथे प्रकाश आणि ऊब दोन्ही पुरवली होती. सूर्याशिवाय सॅलड पिकू शकतं, एवढं त्यातून सिद्ध झालं. खिडकीतलं रोप कशामुळे बिघडलं, हे त्यातून कळत नाही. प्रात्यक्षिक वेगळं, चाचणी वेगळी.

तुमच्या सिनॉप्सिसमधलं "मुळे", "परिणामी" असलेलं प्रत्येक वाक्य आज एकदा तपासा. त्या कारणासोबत आणखी काय बदलतंय, आणि तुम्ही मोजताय ते एकक नक्की कोणासाठी आहे? मुलाखतीत गाइड बहुतेक हेच विचारतील.