विद्युत्‌दाह आणि अस्थिमज्जा

विद्युत्‌दाह म्हणजे शरीरातून विजेचा प्रवाह गेल्यामुळे होणारी भाजल्याची इजा होय. १००० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाच्या प्रवाहाने झालेली इजा उच्चदाबाची मानली जाते. अशा इजेत त्वचेवरील जखम पुष्कळदा लहान दिसते. परंतु आतील स्नायू, रक्तवाहिन्या व हाडे खोलवर भाजलेली असतात. गंभीर विद्युत्‌दाहानंतर अस्थिमज्जेचे रक्तनिर्मितीचे कार्यही बिघडते.

हाडांवरील स्थानिक परिणाम

शरीरांतर्गत ऊतींमध्ये हाडाचा विद्युत्‌रोध सर्वाधिक असतो. त्यामुळे हाड अधिक तापते व त्यालगतचे स्नायू होरपळतात. रक्तपुरवठा खंडित झाल्यास तेथील हाड व मज्जा मृत होते. मात्र प्रौढांच्या हातापायांच्या लांब हाडांत मुख्यतः पिवळी, चरबीयुक्त मज्जा असते. रक्त निर्माण करणारी तांबडी मज्जा प्रामुख्याने कटीची हाडे, मणके, उरोस्थी व बरगड्या यांत असते. म्हणून केवळ हात किंवा पाय भाजल्याने रक्तनिर्मिती थांबत नाही. ती मंदावण्याचे प्रमुख कारण सर्व शरीरात उसळणारा दाह हे आहे.

रक्तपेशींवरील परिणाम

तांबड्या पेशी : दाहामुळे यकृतातून हेप्सिडिन अधिक स्रवते व शरीरातील लोह मज्जेला पुरेसे मिळत नाही. एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाला मज्जा अपेक्षित प्रतिसाद देत नाही. वारंवार होणाऱ्या शस्त्रक्रियांतील रक्तस्रावामुळे रक्तक्षय वाढतो.

पांढऱ्या पेशी : त्यांची संख्या वाढली तरी त्यांत अपरिपक्व पेशी अधिक असू शकतात. जंतूंशी लढण्याची क्षमता घटते.

बिंबिका : पहिल्या काही दिवसांत त्यांची संख्या घटते व प्रकृती सुधारू लागल्यावर पुन्हा वाढते. ती न वाढणे हे गंभीर लक्षण मानले जाते.

नष्ट झालेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करते. एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडांतच तयार होत असल्याने त्याचाही रक्तनिर्मितीवर परिणाम होतो. गडद, चहासारख्या रंगाची लघवी हे त्याचे लक्षण होय.

निदान व उपचार

रक्तपेशींची गणना वेळोवेळी केली जाते. शिरेवाटे द्रव देणे, मृत ऊती लवकर काढणे, जंतुसंसर्ग रोखणे, प्रथिनयुक्त आहार व आवश्यकतेनुसार रक्त देणे हे उपचाराचे मुख्य भाग आहेत. दाह ओसरेपर्यंत केवळ लोहाच्या गोळ्यांनी हा रक्तक्षय सहसा भरून निघत नाही.

भिवंडी परिसर

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे विजेवर चालणाऱ्या यंत्रमागांचे मोठे केंद्र आहे. याच तालुक्यातील अकलोली येथील गरम पाण्याची कुंडे त्वचाविकारांवर गुणकारी असल्याचा समज आहे. परंतु विद्युत्‌दाहाच्या उघड्या जखमा असताना अशा सार्वजनिक कुंडात स्नान केल्यास, प्रतिकारशक्ती आधीच क्षीण असल्याने, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. नवी मुंबईत ऐरोली येथे नॅशनल बर्न्स सेंटर हे भाजलेल्या रुग्णांसाठीचे रुग्णालय आहे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. वीजपुरवठा बंद होण्यापूर्वी अपघातग्रस्तास स्पर्श करणे धोक्याचे असते. तसेच जखम लहान दिसली तरी रुग्णालयीन तपासणी आवश्यक ठरते.