एका फुलाची एकच सकाळ

भेंडीचं फूल कधी नीट पाहिलंय का? फिकट पिवळ्या पाकळ्या आणि आत तळाशी गडद वांगी रंग! सकाळी उमलतं, संध्याकाळपर्यंत मिटतं. पुन्हा उघडतच नाही.

आता चला जालन्याला. बियाण्यांसाठी हे शहर देशभर ओळखलं जातं. इथे बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीचं बी पिकवायला घेतलं. वाण होतं दिल्लीच्या संशोधन संस्थेतलं, नाव ‘पुसा सावनी’. 1964 साली त्यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

त्या बियाला एवढी मागणी का होती? भेंडीला हळद्या रोग होतो. पांढरी माशी विषाणू आणते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, भेंड्याही पिवळट. पुसा सावनी हळद्याला दाद देत नव्हती. पण काही वर्षांनी तीही पिवळी पडू लागली!

मग शेजारच्या परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी काय केलं असेल? पुसा सावनीची सोयरीक तिच्या एका रानटी नातलगाशी जुळवली. अशी जोडी जुळवायची म्हणजे नाजूक काम. आदल्या संध्याकाळी कळी अलगद उघडून तिचे पुंकेसर काढायचे, वर कागदी पिशवी घालायची. सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे. उशीर झाला की फूल मिटलंच. आणि नातं दूरचं असलं की बिया बऱ्याचदा पोचट निघतात.

कोडं सोडवताना तुमचा तुकडा चुकला, तर लगेच कळतं, तुम्ही दुसरा लावून बघता. इथे चुकलं की नाही, हे कळायला अख्खा हंगाम जातो! म्हणून खूप झाडं एकदम लावायची, ओळीने. मला सगळ्यात आवडते ती पुढची युक्ती: मुद्दाम रोगाला बोलवायचं. हळद्या चटकन पकडणारी झाडं मधूनमधून लावायची, म्हणजे पांढऱ्या माश्या तिथून सगळीकडे रोग नेतील. जी झाडं तरीही हिरवीगार राहतील, त्यांचंच बी धरायचं. बाकीची उपटायची. पुढच्या हंगामात पुन्हा तेच. पिढ्यामागून पिढ्या.

अशी निवडत निवडत 1980च्या दशकात ‘परभणी क्रांती’ भेंडी आली. हळद्या तिला सहज धरत नव्हता.

गंमत पाहा, विषाणूसुद्धा बदलत असतो. त्याला डोकं नाही, ठरवता येत नाही. त्याच्या असंख्य नकला बनतात, त्यात थोडे फरक पडतात. बहुतेक फरक वाया जातात, एखादा कामी येतो. पुढे परभणी क्रांतीलाही हळद्या लागू लागला. म्हणून आजही कुठल्यातरी प्रयोगशेतात, उद्या उमलणाऱ्या एखाद्या कळीवर कागदी पिशवी चढत असेल.