विश्लेषण : हिमयुग संपले आणि ‘सायगा’ची जनुकीय विविधता आटली, ते कसे?

कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत मे २०१५ मध्ये अवघ्या तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सायगा कुरंग मरून पडले. त्यानंतर संरक्षणाच्या प्रयत्नांना यश आले आणि २०२३ मध्ये तेथील संख्या १९ लाखांवर पोहोचली. संख्या भरून निघाली. पण हजारो वर्षांपूर्वी हिमयुगाच्या अखेरीस या प्राण्याने जे गमावले, ते मात्र परतलेले नाही.

सायगा हा प्राणी कोणता?

सायगा हा मध्य आशियातील ‘स्टेप’ या कोरड्या गवताळ प्रदेशात राहणारा कुरंग. आपल्याकडील काळवीट आणि चिंकारा हे त्याचे नातलग. पुढे लोंबणारे फुगीर नाक ही त्याची ओळख. हे नाक उन्हाळ्यात धूळ गाळते आणि हिवाळ्यात बर्फाळ हवा फुप्फुसात जाण्यापूर्वी उबदार करते. आज तो प्रामुख्याने कझाकस्तान, रशिया आणि मंगोलियात आढळतो. हिमयुगात मात्र त्याचा वावर फ्रान्सपासून कॅनडाच्या वायव्य टोकापर्यंत होता.

एवढा पसारा कसा शक्य झाला?

हिमयुग म्हणजे सगळीकडे बर्फ, असा समज असतो; पण तो पूर्ण खरा नाही. बरेच पाणी हिमस्तरांत अडकल्याने हवा कोरडी झाली आणि समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने खाली गेली. सायबेरिया आणि अलास्का यांच्यामधली जमीन उघडी पडली. थंड, कोरड्या हवेत जंगले मागे हटली आणि युरोपपासून उत्तर अमेरिकेपर्यंत गवताचा पट्टा पसरला. मॅमथ, रानघोडे, गवे, लोकरी गेंडे आणि सायगा यांना त्यावर मुबलक चारा मिळाला.

सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग संपले. हवा उबदार व दमट झाली, उत्तरेत जंगले आणि दलदली वाढल्या. बर्फही खोल पडू लागला. बारीक पायांच्या सायगाला खोल बर्फातून चालणे आणि त्याखालचे गवत उकरणे कठीण जाते. त्याचा प्रदेश आक्रसत गेला.

डीएनएतून काय दिसले?

आईकडून पिल्लांकडे जाणाऱ्या मायटोकॉण्ड्रियल डीएनएचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सायगाचे २७ प्राचीन आणि ३८ आधुनिक नमुने तपासले गेले. त्यांतून दोन स्वतंत्र मातृवंश समोर आले. आजचे सर्व नमुने एकाच वंशातले निघाले. दुसरा वंश केवळ उत्तर उरल भागात सापडला आणि कार्बन कालमापनानुसार सुमारे ४० हजार ते १० हजार वर्षांपूर्वीच्या नमुन्यांतच. त्यानंतर त्याचा मागमूस नाही. हिमयुगाच्या तुलनेत आजची विविधता बरीच कमी आहे. मधल्या काळात सायगांची संख्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश घटली असावी, असा या अभ्यासाचा अंदाज आहे.

सर्वच प्राण्यांचे असे झाले का?

नाही. २०११ मध्ये सहा मोठ्या सस्तन प्राण्यांवर प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार प्रत्येकाची कथा निराळी आहे. लोकरी गेंड्याच्या विनाशाला हवामान पुरेसे ठरले. युरेशियातील स्टेप गवे आणि रानघोडे यांच्या बाबतीत हवामान आणि माणूस, दोहोंचा वाटा दिसतो. रेनडिअर मात्र फारसा धक्का न बसता टिकला.

संख्या वाढली, मग विविधता का नाही?

कणगीत दहा वाणांचे बी मिसळून ठेवले आहे आणि पेरायला त्यातले मूठभरच हाती उरले, असे समजा. पुढच्या हंगामात शेत भरून उगवेल. पण मुठीत जे वाण होते, तेवढेच. संख्या कमी झाली की जनुकांचेही असेच होते. सायगाची मादी अनेकदा जुळ्यांना जन्म देते, त्यामुळे कळप लवकर वाढतो. नवे जनुकीय बदल मात्र उत्परिवर्तनातून घडतात आणि ते साचायला हजारो पिढ्या लागतात.

आज याचे महत्त्व काय?

२०१५ मधील मृत्यूंचे कारण होते ‘पाश्चरेला मल्टोसिडा’ हा जिवाणू. एरवी तो सायगाच्या शरीरात उपद्रव न करता राहतो. त्या वर्षीच्या असाधारण उबदार, दमट हवेत तो घातक ठरला. या घटनेला कमी जनुकीय विविधता जबाबदार होती, असे सिद्ध झालेले नाही. पण हवामान बदलते किंवा नवा रोग येतो, तेव्हा वेगवेगळ्या जनुकांच्या कळपात काही जण तगण्याची शक्यता अधिक असते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने डिसेंबर २०२३ मध्ये सायगाला ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटसमीप’ गटात आणले. हा दिलासा मोठाच. तरीही शिंगांसाठी होणारी शिकार आणि स्थलांतराच्या वाटा अडवणारी कुंपणे, रेल्वेमार्ग हे धोके कायम आहेत. कळप एकमेकांपासून तुटले, तर मुठीत उरलेल्या वाणांतलेही काही गळून जातील.