ढवळण्याचे यंत्र घेण्यापूर्वी



कामगार संघटनेचा माणूस यंत्रखरेदीवर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. पैसा मालकाचा, यंत्र मालकाचे; मग संघटनेच्या कार्यकर्त्याला त्यात बोलण्याचा अधिकार कोणता? अधिकार एवढाच, की यंत्राची मागणी कचेरीत लिहिली जाते आणि त्या यंत्रापाशी आठ तास उभा राहणारा माणूस खात्यात असतो. मी त्या खात्यातून आलो आहे. माझे शाळेतले शिक्षण अर्ध्यावर राहिले. पुढे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा माझ्या बोलण्यात इंजिनिअरची सफाई नसली तर सांभाळून घ्यावे.

मिक्सर म्हटला की घरातला चटणीचा मिक्सर डोळ्यांपुढे येतो. तो खरे म्हणजे वाटण्याचे यंत्र. कारखान्यातला मिक्सर म्हणजे बहुधा एक मोठे पिंप, त्यात उभा शाफ्ट, शाफ्टला पाती, आणि वर गिअरबॉक्स व मोटर. साबण, रंग, औषधे, यांतले काहीही त्याच्यावाचून होत नाही. आपल्या हिंगणघाट-पुलगावकडच्या मंडळींना त्याची ओळख कापडाच्या गिरणीतून असेल. मागावर ताण्याचा धागा घासून तुटू नये म्हणून विणण्यापूर्वी त्याला खळ देतात. ते सायझिंग खाते. तेथे स्टार्च, पाणी आणि थोडी चरबी किंवा तेल पिंपात घालून वाफेवर शिजवतात आणि सारखे ढवळत राहतात. अशाच एका खात्यात, आपल्या जिल्ह्याबाहेरच्या एका गिरणीत, मी बदली कामगार म्हणून लागलो. गिरणीचे नाव सांगत नाही. त्याचे येथे कारण नाही.

त्या गिरणीने एक नवे यंत्र घेतले. दिसायला झकास, जुन्यापेक्षा मोठे आणि तीन कोटेशनांत सर्वांत स्वस्त. आठ महिने कसेबसे चालले. एका रात्री वीज गेली आणि दोन तासांनी आली. तोवर पिंपातली खळ निवून घट्ट बसली होती. बटण दाबले की मोटर नुसती गुरगुरे आणि बंद पडे. मग पाळीतल्या तिघांनी नेहमीचा उपाय केला: झाकण काढून बांबूने खळ मोकळी करायची. असे यापूर्वीही अनेकदा झाले होते, आणि जॉबरला ते ठाऊक होते. तेवढ्यात कोणीतरी पुन्हा बटण दाबले. या वेळी यंत्र सुरू झाले. पात्याने बांबू ओढून घेतला आणि माझ्या एका सहकाऱ्याचा हात पिंपाच्या कडेवर दोन ठिकाणी मोडला. तो हात पुढे कधी सरळ झाला नाही. चौकशीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा निष्कर्ष निघाला.

मी तेव्हा संघटनेची पत्रे लिहीत असे. त्या निमित्ताने यंत्रखरेदीची फाईल हाती आली. मागणीपत्रात एकच ओळ होती: ‘मिक्सर, २००० लिटर, मोटरसह, नग एक.’ ती ओळ मी कितीदा वाचली असेन याची गणती नाही. हात मोडला त्या रात्री; पण मोडण्याची तयारी त्या ओळीत झाली होती, असे माझे मत तेव्हा बनले आणि आजही तेच आहे.

त्या ओळीत काय नव्हते? आपल्या घरची बाई पिठले करते ते आठवा. बेसन एकदम ओतले तर गुठळ्या होतात, म्हणून ती एका हाताने पीठ भुरभुरते आणि दुसऱ्या हाताने ढवळते. आधी पळी पाण्यातून सहज फिरते. पीठ शिजू लागले की जड होते. हात थांबला की तळाला लागते. एकाच भांड्यात घटकाभरात पदार्थाची किती रूपे! स्टार्चचे तेच, किंबहुना अधिक. थंड पाण्यात तो तळाशी थर धरून बसतो. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला फुगतो आणि खळ एकाएकी दाट होते. आणखी तापवून ढवळत राहिले तर ती पुन्हा पातळ होते, आणि निवली की खरवसासारखी थिजते. आता सांगा, ‘२००० लिटर’ या शब्दांवरून यंत्र बनवणाऱ्याने कोणत्या रूपासाठी मोटर द्यावी? त्याने मधल्या, पातळ रूपासाठी दिली. त्याला कोणी दुसरे सांगितलेच नव्हते.

म्हणून मागणीपत्रात पहिली जागा पदार्थाची. तो किती दाट, कोणत्या उष्णतेला, सर्वांत दाट केव्हा, आणि मध्येच यंत्र थांबले तर भरल्या पिंपात ते पुन्हा सुरू व्हावे की नाही, हे लिहावे. दाटपणा सेंटिपॉइज नावाच्या मापात मोजतात: वीस अंशाला पाणी १, ग्लिसरीन सुमारे १४००. मोजण्याचे साधन नसेल तर नमुना भरून बनवणाऱ्याकडे पाठवावा. काही पदार्थ ढवळल्याने पातळ होतात, जसा रंग. आणि मक्याचा स्टार्च थोड्या थंड पाण्यात कालवून जोराने ढवळला तर तो उलट घट्ट होतो. घरी करून पाहा, मुलांनाही मौज वाटेल.

आता पुष्कळ खरेदीदार फसतात तो मुद्दा. विक्रेता लहान पिंपात पाणी घालून यंत्र फिरवून दाखवतो, आणि आपण म्हणतो, ‘हेच मोठे करून द्या.’ पातळ पदार्थात, त्याच फेऱ्यांना, पात्याचा व्यास दुप्पट केला तर लागणारा जोर दुप्पट किंवा चौपट होत नाही, बत्तीसपट होतो. कारण तो व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. फेरे दुप्पट केले तर आठपट. पिंप सर्व बाजूंनी दुप्पट केले तर त्यात माल मावतो आठपट. म्हणजे जुनेच फेरे ठेवले तर दर लिटरमागे चौपट जोर खर्ची पडेल. दर लिटरला पहिल्याइतकाच जोर हवा असेल तर ३०० फेऱ्यांचे सुमारे १९० करावे लागतात. फार दाट पदार्थात हिशोब वेगळा: तेथे दाटपणा दहापट झाला की जोरही दहापट लागतो. नुसता हॉर्सपॉवरचा आकडा विचारून यातले काही कळत नाही.

पात्यांची निवडही यावरच ठरते. पातळ द्रवाला पंख्यासारखे, पिंपाच्या व्यासाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचे पाते पुरते. मात्र पिंपाच्या भिंतीला आतून उभ्या पट्ट्या हव्यात. त्यांना बॅफल म्हणतात. त्या नसल्या तर द्रव नुसता गरगर फिरतो, मध्ये भोवरा पडतो आणि मिसळत काही नाही. दाट पदार्थाला भिंतीलगत फिरणारे, नांगराच्या आकाराचे पाते लागते. जहाजाचा नांगर, आपला शेतातला नव्हे. पिंपाच्या धातूचाही विचार व्हावा. साबणाच्या कॉस्टिक सोड्यापुढे ॲल्युमिनियम टिकत नाही. तो धातू खातो आणि त्यातून पेटणारा हायड्रोजन निघतो.

आणि ‘मिसळले’ म्हणजे काय, हे कोण ठरवणार? मागणीपत्रात ते आकड्यात असावे. इतक्या मिनिटांनंतर वरचा, मधला आणि तळाचा नमुना काढला तर त्यांत फरक अमुक टक्क्यांहून अधिक नसावा. चाचणी आमच्या मालावर, आमच्या जागेत, आणि शेवटचा हप्ता चाचणीनंतर. पाण्यावरची चाचणी मानू नये. मगनवाडीत हातकागदाचे काम होई. हातकागद करणारा कारागीर साचा बुडवण्यापूर्वी हौदातला लगदा पुन्हा ढवळतो, कारण तंतू खाली बसतात, एकमेकांत गुंततात. किती ढवळायचे ते त्याच्या हाताला कळते. आपल्या कारखान्यांतही असे हात आहेत. मागणीपत्र लिहिण्यापूर्वी त्यांना खुर्चीवर बसवून विचारण्यास एक दुपार पुरते.

शेवटी त्या माणसाच्या सुरक्षिततेविषयी. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २६ व्या कलमाने नव्या यंत्राच्या फिरत्या शाफ्टवरचे बाहेर आलेले स्क्रू, बोल्ट आणि चाव्या झाकलेल्या असणे सक्तीचे केले होते, आणि तसे नसलेले यंत्र विकणाऱ्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. म्हणजे सुरक्षितता विकत घेतानाच पाहावी, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. त्या कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. ती २०२० ची, पण अंमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ ला. कायदा कोणताही असो, मागणीपत्रात माझ्या मते एवढे हवेच: झाकण उघडले की यंत्र आपोआप थांबावे, वीज जाऊन आली तर ते स्वतःहून सुरू होऊ नये, मेन स्विचला कुलूप लावता यावे आणि आत काम करणाऱ्याने किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. माझ्या सहकाऱ्याच्या पिंपाला पहिली सोय असती तर बटण कोणीही दाबले असते तरी पाते हलले नसते. त्या सोयीचा खर्च यंत्राच्या किमतीत अगदी किरकोळ असतो. उलट वर्षानुवर्षे चालू राहतो तो विजेचा खर्च, आणि कोटेशनात तो कोणी मांडत नाही. पाच हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भाराने रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस चालली तर दहा हजार युनिटांच्या आसपास वीज घेते.

गेल्या वर्षी समुद्रपूर तालुक्यातल्या काही भगिनी माझ्याकडे एक कोटेशन घेऊन आल्या. वायगावच्या हळदीचे नाव आपण ऐकलेच आहे. यांचा हळद दळण्याचा लहानसा गृहोद्योग. वेगवेगळ्या शेतांची पूड एकसारखी करायला त्यांना ‘शंभर किलोचा मिक्सर’ हवा होता. पुडीला उभे पिंप चालत नाही; आडवी नांद आणि तिच्यात फिरणारी फितीसारखी पाती लागतात. हळदपूड हलकी, शंभर किलोला दोनशे लिटरच्या आसपास जागा लागते, आणि नांद काठोकाठ भरली तर वरची पूड वरच राहते. म्हणून नांद तीनशे-साडेतीनशे लिटरची हवी. कोटेशनात होती दीडशेची. मी त्यांना प्रश्न विचारत गेलो आणि त्यांनी वहीत उत्तरे लिहिली: पूड किती कोरडी, दिवसातून किती घाणे, धुणार कशाने, रिकामी कोण करणार. शेवटी त्यांच्यातल्या सर्वांत ठेंगण्या बाईंनी एक ओळ स्वतःहून घातली, जी मला सुचली नव्हती: वीस किलोची पिशवी स्टुलावर न चढता ओतता आली पाहिजे. यंत्र बनवणारा आधी हसला. मग त्याने पाय कापून दिले. नांदेचे तोंड आता जमिनीपासून तीन फुटांवर आहे.